ट्रम्पेटच्या पेटीतली मशेरी

ताप घरात आला तेव्हा तिघांनाही आला. शिक्षिका असलेल्या मुलीने, टिफनीने, तो शाळेतून आणला. तिच्या वर्गातली निम्मी मुलं त्या आठवड्यात खोकत होती. मग तिच्या आईला, मटिल्डाला आला आणि शेवटी वडिलांना, फेबियनला. तिघांनी एकाच पातेल्यातली पेज खाल्ली, एकाच पट्टीतल्या गोळ्या घेतल्या. आठवडा संपायच्या आत टिफनी शाळेत जाऊ लागली. मटिल्डा खोकत खोकत का होईना, वाडीतल्या पालकाला पाणी सोडायला उठली. फेबियन मात्र उठला नाही. त्याला धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले, आणि गणपतीच्या दिवसांत, रस्त्यावर ढोलताशे वाजत असताना, त्याला वसईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

"एकच घर, एकच ताप, एकच पेज," बोलता येऊ लागल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला. "मग मीच का?"

डॉक्टरांनी कागद चाळले. साखर नव्हती, दमा नव्हता, सिगारेट त्याने कधी ओढली नव्हती. "साठी उलटलीय तुमची," ते म्हणाले. "कधीकधी नेमकं कारण सापडत नाही."

फेबियनला हे उत्तर पटलं नाही. होळी गावातल्या बॅण्डमध्ये तो तरुणपणापासून ट्रम्पेट वाजवत होता. घरातून चर्चपर्यंतची वाट लग्नाच्या मिरवणुकीत तो न थांबता वाजवत जायचा. गावात कुणाची छाती भक्कम असेल तर ती त्याची, असं सगळेच म्हणायचे. त्याच छातीने दगा दिला होता.

त्याला भेटायला धर्मा आला तो मुलीला घेऊन. धर्मा खाडीकडच्या पाड्यातला, भाताची शेती करणारा. बॅण्डमधला मोठा ढोल त्याच्याकडे असे. त्याची मुलगी हेमांगी दातांची डॉक्टर होती, त्यातही हिरड्यांच्या आजारांची. तिचा दवाखाना वसई गावात होता.

"तुझ्यापरीस माझा ढोल बरा," धर्मा खाटेच्या कडेला टेकत म्हणाला. "त्याला ताप येत नाय. पावसात सादळला तर उन्हात ठेवायचा, झाला बरा."

"मलाही ठेव उन्हात," फेबियन म्हणाला. हसताना त्याला खोकला आला.

हेमांगी हसली नाही. नर्सने मास्क काढून चहाचा कप दिला होता. तो कप फेबियन तोंडाच्या डाव्या कोपऱ्याकडे नेत होता, ते ती बघत होती.

"अंकल, वरचा पुढचा दात कधीपासून हलतोय?"

"कुठला दात?"

"जो चहापासून वाचवताय तो."

फेबियनने कप खाली ठेवला. "दात ठीक आहेत माझे."

"तापात दात घासत होतात?"

"तापात कोण दात घासतं? तोंडात घास जात नव्हता."

"इथून घरी गेलात की माझ्याकडे या," ती म्हणाली. "दात काढायला नाही, बघायला."

फेबियनने मान हलवली, पण जायचं नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. त्याला लुईस आठवला होता.

लुईस त्यांचा जुना बॅण्डमास्टर. फेबियनला ट्रम्पेट त्यानेच शिकवलं. त्याचे पुढचे दात हलू लागले तेव्हा तो कुठल्याशा डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने ते काढून कवळी बसवली. पुढच्याच लग्नात, नवरानवरी चर्चमधून बाहेर पडत असताना, वरच्या सुरावर कवळी सटकली आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा आली. लोक हसले नाहीत, ते लुईसला जास्त लागलं. त्यानंतर बॅण्डमध्ये त्याने झांजा धरल्या, त्या आजतागायत. दातांच्या डॉक्टरचं नाव निघालं की वादकांतला कुणी तरी दोन्ही तळवे एकमेकांवर आपटायचा. झांज. पुढचं बोलायची गरज नसे.

आणि जानेवारीत टिफनीचं लग्न होतं. मुलगा निर्मळ गावचा, ॲलिस्टर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. गावातल्या कितीतरी मुलींच्या पाण्यापुढे फेबियन चालला होता. टिफनीने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या पाण्याला दुसरा कोणी नको हां, पप्पा." विहिरीवर वाजवायची एक जुनी चाल होती. ती शेवटी वर चढत जायची आणि वरच्या सुरावर थांबायची. त्या सुराला पुढचे दात लागतात. माउथपीस त्यांच्यावरच टेकतो.

*

दिवाळी जवळ आली तरी फेबियनची धाप पूर्ण गेली नव्हती. वाडीतून केळीचा घड घरापर्यंत आणायचा तर मध्ये थांबावं लागे. मटिल्डाने एक दिवस काही न विचारता रिक्षा बोलावली आणि त्याला हेमांगीच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

हेमांगीने त्याचं तोंड बराच वेळ बघितलं. एका बारीक सळईवर खुणा होत्या. ती सळई ती प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत हलकेच उतरवत होती आणि सहायिकेला आकडे सांगत होती. आकडे वाढत गेले की मटिल्डा खुर्चीत पुढे सरकत होती.

"हिरडी दाताला चिकटून असायला हवी," तपासणी झाल्यावर हेमांगी म्हणाली. "तुमची सुटलीय. दात आणि हिरडीच्या मध्ये खिसे तयार झालेत, आणि ब्रश त्या खिशांत पोचत नाही. वर्षानुवर्षं तिथे जंतू वाढतायत. सगळे खिसे उलगडून एकमेकांना जोडले तर तळहाताएवढी जखम होईल."

"दुखत तर नाही काही," फेबियन म्हणाला.

"म्हणूनच तर इतकी वाढली."

मटिल्डाने विचारलं, "पण ताप तर छातीत गेला होता ना? दाताचा काय संबंध?"

हेमांगीने हातमोजे काढले.  "आंटी, आपण झोपतो तेव्हा थोडी लाळ श्वासनळीत उतरते. सगळ्यांचीच. तिच्यातले जंतू फुप्फुस बाहेर ढकलतं. पण फ्लूच्या विषाणूने आधीच आतलं अस्तर सोललेलं असेल तर ते ढकलायचं काम नीट होत नाही. मग तोंडात जेवढे जंतू जास्त, तेवढा छातीला त्रास जास्त होऊ शकतो. शिवाय ही हिरड्यांची जखम शरीराला कायम भडकलेलं ठेवते. त्यात नवा ताप आला तर ती आग आणखी वाढते."

"म्हणजे ह्याच्यामुळेच मी ऑक्सिजनवर गेलो?"

"असं मी म्हणणार नाही. कोविडच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी पाहिलं लोकांनी. हिरड्या खराब असलेले रुग्ण जास्त गंभीर झालेले दिसले. पण एकत्र दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. वय, तंबाखू, साखर, हे सगळं मध्ये येतं. मी एवढंच म्हणेन, ही गोष्ट आपल्या हातातली आहे. वय नाही." मग तिने लिहून घेतलेल्या आकड्यांकडे पुन्हा बघितलं. "एक मात्र मला कळत नाहीये. खिसे एवढे खोल, पण सळई लावली तरी रक्त जवळजवळ येत नाही. अंकल, तंबाखू?"

"आयुष्यात नाही," फेबियन म्हणाला. "सिगारेट नाही, गुटखा नाही. मटिल्डाला विचार."

मटिल्डाने मान डोलावली. दोघंही आपापल्या समजुतीप्रमाणे खरंच बोलत होते.

"आणि दात काढणार का तू?" फेबियनने शेवटी विचारलं. एवढा वेळ दाबून ठेवलेला प्रश्न.

"काढायचा नाहीच असा प्रयत्न आहे. आधी खिसे आतून साफ करू. मग हलणारा दात शेजारच्या दातांना मागून एका बारीक धाग्याने बांधता येईल. पण हिरडीने साथ दिली तरच. आणि तोवर ट्रम्पेट नाही. छातीच्या डॉक्टरांना विचारून फ्लूची लसही घेऊन टाका."

*

बधिर करून, दोन-तीन खेपांत, हेमांगीने खिसे साफ केले. फेबियन सांगितल्याप्रमाणे दोन वेळा ब्रश करू लागला, दातांच्या फटीतून छोटा ब्रश फिरवू लागला. टिफनीने त्याला आरशासमोर उभं करून कोन शिकवला. "पप्पा, घासतोयस की भांडी खरवडतोयस? हळू." लसही घेतली. तरी हेमांगी समाधानी नव्हती. हिरड्या फिकट आणि कडक राहिल्या होत्या. भरायला हव्या तशा भरत नव्हत्या.

कारण कळलं ते एका रविवारी, फेबियनच्या अंगणात. चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले होते. हेमांगी मटिल्डाबरोबर आत मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. धर्मा सायकलवरून आला, फाटकातूनच हाक मारत.

"ओ ट्रम्पेट! हे घे. जिजानं ताजी भाजलीय, अजून गरम हाय." त्याने खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढून फेबियनच्या हातात ठेवली. "तुझी संपली असंल ना? मयना झाला."

फेबियनने डबी पटकन मुठीत घेतली. पण हेमांगी दारात येऊन उभी राहिली होती.

"बाबा, काय आहे ते?"

धर्माने वळून बघितलं. "तू हितं काय करतंस?"

"डबीत काय आहे?"

"कुठं काय? मशेरी. दात घासायची."

हेमांगीने हात पुढे केला. फेबियनने डबी दिली. तिने झाकण उघडलं. काळी भुकटी, आणि तिच्या स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात तव्यावरून येणारा तो वास, जो ती जन्मापासून ओळखत होती.

"अंकल, तुम्ही म्हणालात तंबाखू नाही."

"ही काय तंबाखू आहे? ही मशेरी आहे."

"तंबाखूच भाजून करतात ना?"

"भाजला म्हंजे तंबाखू राहिला कुठं?" धर्मा मध्येच म्हणाला. "जळला ना तो!"

"बाबा, तू गप्प बस."

"गप कसा बसू? माझ्या बायकोची मशेरी हाय ती. अर्धा बॅण्ड लावतो."

ते खरं होतं. ही पद्धत लुईसने पाडली होती. वाजवून वाजवून हिरड्या दुखायच्या, माउथपीसवर रक्त लागायचं. बॅण्डचा पोशाख पांढरा, सोनेरी पट्ट्यांचा. रक्ताचा एक थेंब लांबून दिसायचा. मग मिरवणूक निघायच्या आधी ट्रम्पेटवाले मशेरीचं बोट हिरड्यांवर फिरवायचे. रक्त जवळजवळ थांबायचं, दुखणं थांबायचं. फेबियनच्या पेटीत ट्रम्पेटच्या शेजारी दोन गोष्टी कायम असत, व्हॉल्व्हच्या तेलाची बाटली आणि मशेरीची डबी. पुढे पुढे तो ती रोज सकाळीही लावू लागला, दारामागच्या नळावर, सगळे उठायच्या आधी.

"हिरड्या घट्ट होतात त्यानं," फेबियन म्हणाला. "रक्त येत नाही."

"रक्त येत नाही हेच तर वाईट झालं." हेमांगी पायरीवर बसली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून रक्त दिसत नाही. आजार आत तसाच चालू राहतो. हिरडीतून रक्त येणं ही तिची ओरड आहे, अंकल. तुम्ही इतकी वर्षं तिचं तोंड दाबून धरलंत."

 मग धर्मा म्हणाला, "म्हंजे ढोलावर गोधडी टाकली आनि समजले मिरवनूक थांबली."

"तसंच."

"आनि गोधडी आपल्या घरची," धर्मा पुटपुटला. त्याने सायकल उगाच पुढेमागे केली.

हेमांगीने डबी बंद करून फेबियनच्या हातात परत दिली. "फेकायची की ठेवायची, तुम्ही ठरवा. पण आधीच सांगते. बंद केलीत तर रक्त येईल. आधी कधी आलं नसेल एवढं येईल. घाबरू नका. काही आठवड्यांनी कमी होईल."

*

फेबियनने मशेरी बंद केली. डबी मात्र टाकली नाही, पेटीतच राहू दिली. पहिले काही दिवस त्याचं डोकं दुखलं, कशावरूनही राग आला. कधी चूळ भरताना, कधी ब्रशवर रक्त दिसू लागलं. सांगितलेलं ऐकणं निराळं आणि बेसिनमध्ये लाल पाणी बघणं निराळं. तो कुणाला बोलला नाही.

हेमांगीने दात बांधला, पण ट्रम्पेटला अजून परवानगी दिली नव्हती. एका संध्याकाळी मटिल्डा बाजारात फुलं द्यायला गेली आहे असं बघून तो वाडीतल्या पंपाच्या खोलीत गेला. पेटी उघडली. ट्रम्पेट ओठांना लावलं. जुनी चाल सुरू केली. खालचे सूर आले. वर चढताना त्याने नेहमीसारखं ट्रम्पेट ओठांवर दाबलं आणि तोंडात खारट चव आली. सूर फाटला. त्याने माउथपीस पुसला. रुमाल मरून रंगाचा होता, त्यावर काही दिसलं नाही. पण माउथपीसच्या कडेला लाल रेघ होती.

त्याच्या मनात लुईस येऊन उभा राहिला, झांजा हातात घेऊन. इतकी वर्षं रुमालात लपेल एवढंच रक्त, आणि डॉक्टरकडे गेल्यावर हे. दातही आता जास्तच सैल वाटत होता. लग्नाला फार दिवस उरले नव्हते. त्याने डबी काढली, झाकण उघडलं आणि बोट आत घातलं.

"लाव," मटिल्डा दारातून म्हणाली. "मी बघत नाही."

ती फुलं देऊन परत आली होती. ती आत येऊन पंपाच्या चौथऱ्यावर बसली. फेबियनचं बोट काळं झालं होतं, ते त्याला कुठे पुसावं कळेना.

"मरून रुमाल कधीपासून वापरतोस तू?" तिने विचारलं.

"माहीत नाही. बरीच वर्षं."

"बॅण्डचे सगळे पांढरे वापरतात. मला आधी वाटलं, तुला रंग आवडतो. मग वाटलं, स्वस्त कापड असेल, रंग सोडतंय. मिरवणुकीनंतर धुतला की पाणी लालसर." तिने रुमाल उचलून धरला. "पक्क्या रंगाचा रुमाल किती वर्षं रंग सोडेल, फेबियन?"

त्याने काळं बोट भिंतीला पुसलं.

"मला कळायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही. ती माझी गोष्ट झाली. पण आता लपवू नकोस. निदान माझ्यापासून."

"वरचा सूर लागणार नाही, मटिल्डा. टिफनीला काय सांगू?"

"हॉस्पिटलात पहिल्या रात्री मी तुझ्या बाजूला बसले होते. तुझा नुसता श्वास वाजत होता, शिट्टीसारखा. मी तो ऐकत बसले होते, थांबू नये म्हणून. त्याच्यापुढे मला वरचा सूर सांगू नकोस." मग तिने हात पुढे केला. "दे इकडे ती डबी."

"टाकणार?"

"टाकू कशाला? पालकावर मावा पडलाय. पाण्यात भिजवून फवारते." ती उठली. "कीड मरते त्यानं. आणि तुम्ही तोंडात घालता."

*

रक्त कमी व्हायला वेळ लागला. आधी ते रोज येई, मग अधूनमधून. ख्रिसमसच्या आधी हेमांगीने पुन्हा सळई फिरवली आणि आकडे सांगू लागली. या वेळी आकडे लहान होते. सगळे नाही, पण बरेचसे. हिरडीचा रंग बदलला होता. फेबियनने आरशात बघितलं तर त्याला ती अनोळखी वाटली, गुलाबी, लहान मुलाच्या हिरडीसारखी.

"आता वाजवा," ती म्हणाली, "पण दाबून नाही. वर जायला ट्रम्पेट ओठांवर रेटायची सवय आहे ना? ती सोडा. श्वासाने जेवढं जमेल तेवढं वर जायचं."

"श्वास तर ऑगस्टमध्ये संपला माझा."

"मग हळू जा. थोडा थोडा परत येतोय का बघा."

तो पंपाच्या खोलीत बसून लांब सूर धरू लागला. दाबायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. इतक्या वर्षांनी तो पुन्हा शिकाऊ झाला होता. वरचा सूर काही आला नाही. पण खालचे सूर पूर्वीपेक्षा गोल येऊ लागले. एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या लुईसने खिडकीत डोकं घातलं.

"कोण वाजवतंय? मला वाटलं रेडिओ लागलाय."

"ये आत, मास्टर. दात दाखव."

लुईसने दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले आणि हसत निघून गेला. पण फाटकाशी जाऊन तो वळला. "किती दुखतं?" त्याने विचारलं.

"बधिर करतात. आधीच्यासारखं नाही आता."

नाताळ संपला आणि ताप पुन्हा आला. या वेळी आधी मटिल्डाला. घरात लग्नाचे शिवून आलेले कपडे टांगले होते, मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. टिफनीने पप्पाचं अंथरूण वेगळ्या खोलीत घातलं, मास्क लावले, खिडक्या उघड्या ठेवल्या. तरी फेबियनला थंडी वाजून आलीच. त्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं.  टिफनीला दारातून दिसत होतं की पांघरुणाखाली तो आपलाच श्वास ऐकतोय.

ती बोटाला लावायचं यंत्र घेऊन आत आली. ऑक्सिजनचा आकडा दाखवणारं. आकडा चांगला होता. मग तिने एका हातात वाटी आणि दुसऱ्यात ब्रश धरला.

"उठ. दात घास."

"तापात कोण..."

"पप्पा."

तो उठला. भिंतीला टेकून, पांघरूण खांद्यावर घेऊन त्याने दात घासले आणि वाटीत चूळ टाकली. पाणी पांढरं होतं. टिफनीने ती वाटी मुद्दाम थोडी तिरकी करून त्याला दाखवली, मग घेऊन गेली.

हे रोज दोन वेळा चालायचं. आकडा खाली आला नाही. खोकला आला, अंग दुखलं, तोंडाची चव गेली. हेमांगी रोज फोन करून विचारायची आणि सांगायची, धाप लागली किंवा आकडा घसरला तर थांबायचं नाही, सरळ रुग्णालय. धर्मा खिडकीबाहेर उभा राहून ओरडायचा, "मेलास का जिता हायेस?" आणि आतून शिवी आली की समाधानाने परत जायचा. एका सकाळी फेबियनला भूक लागली. त्याने पेज परत केली आणि बोंबील भाजून मागितला. मटिल्डा, स्वतः अजून खोकत असलेली, चुलीशी बसून रडली आणि मग धुराला नावं ठेवली.

बरा झाल्यावर तो स्वतःच हेमांगीकडे गेला.

"म्हणजे हिरड्यांनी वाचवलं मला?"

"माहीत नाही," हेमांगी म्हणाली.

"आता तरी हो म्हण!"

"लस घेतली होतीत. मशेरी सुटली होती. या वेळचा विषाणू कदाचित वेगळा असेल. आणि तोंड स्वच्छ होतं. यातलं कशाने किती झालं, एका माणसावरून सांगता येत नाही, अंकल." मग ती हसली, त्याच्या आठवणीत बहुधा पहिल्यांदाच. "पण मला विचाराल तर मी खूश आहे. आणि आणखी माणसं पाठवा. आईपण येतेय सोमवारी. तव्यावर आता फक्त पापड भाजायचे, असं कबूल केलंय तिने. कुरकुरत."

*

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर बायका विहिरीकडे निघाल्या. मटिल्डाच्या कमरेवर तांब्याची कळशी होती, कळशीच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला होता. पुढे बॅण्ड होता, पांढऱ्या पोशाखात. लुईस झांजा घेऊन, धर्मा ढोल पोटावर बांधून, आणि सगळ्यांच्या पुढे फेबियन. वाटेत तो दोनदा थांबला. तो थांबला की धर्मा ढोल हळू वाजवायचा, जणू चालीतच तसं आहे.

विहिरीवर कळशी भरली. परत येताना, मांडवाच्या दाराशी टिफनी उभी होती तिथे, फेबियनने ती जुनी चाल धरली. टिफनीला ती पाठ होती. चाल वर चढू लागली तशी तिने दोन्ही हात छातीशी धरले. धर्माने टिपरं वर रोखलं. लुईस डोळे मिटून उभा होता.

वरच्या सुरापाशी येऊन फेबियनने ट्रम्पेट दाबलं नाही. तो वर गेलाच नाही. एक पायरी खाली थांबला आणि तोच सूर धरून ठेवला. सरळ, न फाटता, श्वास पुरला तेवढा. श्वास बराच पुरला. मांडवातली मुलं बोलायची थांबली. मग त्याने तो सूर हळूच सोडला आणि धर्माचं टिपरं ढोलावर पडलं.

"पप्पा, ही चाल अशी नाहीये," टिफनी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काजळ गालांवर उतरत होतं.

"आता अशी आहे," फेबियन म्हणाला. त्याने खिशातून पांढरा रुमाल काढून माउथपीस पुसला आणि रुमालाकडे न बघताच तो तिच्या हातात दिला. "घे. डोळे पूस. उद्या फोटो काढायचेत."